एक बाजू जांभळी, एक बाजू पांढरी

मित्रांनो, मी एक जुना गळपट्टा आहे. चार बोटं रुंद, आणि गळ्यात घातला तर दोन्ही टोकं कमरेखाली लोंबतील एवढा लांब. चर्चमध्ये मला स्टोल म्हणतात. लहान मुलं मात्र गळपट्टाच म्हणतात. बरीच वर्षं मला मफलर समजणाऱ्या एका आजोबांनी तर फादरना विचारलं होतं, की भर उन्हाळ्यातही तुमचा घसा कसा धरतो. मला त्याचा राग आला नाही. ज्याला आपलं काम नीट ठाऊक असतं, त्याला नावावरून भांडायला वेळ नसतो.

माझी एक बाजू जांभळी आहे आणि एक पांढरी. मधोमध, मानेवर येतो तिथे, दोऱ्याने भरलेला छोटा क्रूस आहे. चर्चमागच्या वस्त्रांच्या खोलीत मोठमोठी वस्त्रं असतात. साध्या दिवसांसाठी हिरवी, ज्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले त्यांच्या आठवणीच्या दिवशी लाल, सणाला पांढरी आणि सोनेरी, पश्चात्तापाच्या दिवसांत जांभळी. ती रविवारी वेदीपाशी मिरवतात आणि पुन्हा कपाटात जाऊन झोपतात. मी फिरतीवरचा. माझी घडी खिशात मावते. जिथे फादर, तिथे मी.

मला शिवलं ते एका शिंपीणबाईंनी. त्यांचा धाकटा भाऊ फादर व्हायचा होता आणि दीक्षेचा दिवस आठवड्यावर आला होता. सगळे त्यांना ताई म्हणत. भाऊ घर सोडून जाणार म्हणून ताई रुसलेल्या होत्या. महिनाभर त्याच्याशी धड बोलल्या नव्हत्या. पण कोणीतरी त्याच्यासाठी तयार स्टोल विकत आणणार आहे असं कळल्यावर त्यांना राहवलं नाही. गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तरातून उरलेलं जांभळं कापड त्यांच्याकडे होतं आणि पडद्यांसाठी आणलेलं पांढरंही होतं. त्यांनी भावाला मशीनसमोर उभं केलं, टेपने मान मोजली आणि दोन्ही कापडं पाठीला पाठ लावून शिवली. वेगवेगळे दोन पट्टे कशाला, एकच उलटसुलट करून घाल, असं त्यांचं म्हणणं. हिशेबी बाई.

मधोमध त्यांनी क्रूस भरला. मग दोरा दातांनी तोडून म्हणाल्या, “हा घालून कुणाला दारात ताटकळत ठेवलंस, तर परत आणून दे. मी त्याचं पायपुसणं करीन.”

भाऊ हसला, पण त्याने ते लक्षात ठेवलं. पुढे छत्तीस वर्षं मी त्याच्या खिशात राहिलो आणि त्याने एकदाही कुणाला ताटकळत ठेवलं नाही.

हे फादर सायकलवरून फिरत, म्हणून गावभर त्यांना सायकलवाले फादर म्हणत. मला ते चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवत. त्यांचा खरा चष्मा तशाच दुसऱ्या डबीत असे, आणि त्यातून फार गमती होत. एकदा आजाऱ्याच्या उशाशी बसून त्यांनी गंभीरपणे डबी उघडली तर आत चष्मा. मला ते घरी टेबलावर विसरून आले होते. अंथरुणातला माणूस तीन दिवस काही बोलला नव्हता, तो खो खो हसायला लागला. फादरनी मग नुसत्या हातांनीच आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन पुन्हा आले. तो माणूस उठून बसला होता आणि आल्या आल्या त्याने विचारलं, आज डबीत काय आहे.

मला घालण्याआधी फादर मानेवरच्या क्रूसाचं चुंबन घेत. मग डोकं खाली घालून मला खांद्यांवर ओढून घेत. मी हाराच्या जागी असतो, पण हार नाही. हार माणसाला मिळतो, मी माणसावर ठेवला जातो. बैलाच्या मानेवर जू ठेवतात ना, तसा. जू आलं की बैल आपल्या मनाने कुठेही जात नाही, मालकाच्या शेतात जातो. फादरही मला घातल्यावर आपल्या मनचं बोलत नसत. तेव्हा ते दुसऱ्याच्या शेतावर कामाला असत.

माझी जांभळी बाजू चुकांसाठी आणि दुखण्यासाठी, पांढरी बाजू आनंदासाठी. पण माणसं मोठी विचित्र असतात, त्यांची दुःखं आणि सुखं कपड्यासारखी वेगवेगळी कापलेली नसतात. एका बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाने माझं टोक तोंडात धरलं ते सोडेचना. फादरनी अख्खी प्रार्थना कमरेत वाकून म्हटली आणि सरळ होताना त्यांच्या पाठीत उसण भरली. लग्नात वधूवरांचे हात फादर माझ्या टोकांनी बांधत. एका नवरदेवाच्या हाताला इतका घाम सुटला होता की नवरीने हळूच माझाच रुमाल केला. रस्त्याच्या कडेला एक गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. फादरची सायकल थांबवून त्याने पापनिवेदन करायचं म्हटलं, म्हणजे आपली चूक देवासमोर, फादरच्या कानात सांगायची. पण हात ग्रीसने माखलेले. धुऊन येऊ का, असं त्याने विचारलं. फादर म्हणाले, “राहू दे. आज आतलं धुवायचंय.” त्या दिवशीचा काळा ठिपका माझ्यावर अजून आहे.

आणि एक म्हातारे आचारी होते, आयुष्यभर जहाजावर स्वयंपाक केलेले. त्यांचे शेवटचे दिवस होते. फादरनी जांभळी बाजू वर करून मला घातलं, तेव्हा ते क्षीण आवाजात म्हणाले, “ती दुसरी बाजू लावा फादर. मी प्रवासाला निघालोय.” फादरनी मला काढलं, उलटं केलं आणि पांढरी बाजू वर करून पुन्हा घातलं. शेजारी बसलेली त्यांची सून रडता रडता हसली.

अशी माझी चांगली वर्षं गेली. मग सायकलवाल्या फादरचे गुडघे थकले. हात थरथरायला लागले. त्यांना वृद्ध धर्मगुरूंच्या घरी राहायला पाठवलं, गावापासून बसने दीड तासावर. जाताना त्यांनी मला डबीसकट नव्या फादरच्या हातात दिलं.

नवे फादर पस्तिशीचे होते. धर्मगुरू होण्याआधी सहा वर्षं त्यांनी वायरमनचं काम केलं होतं, आणि ते कौशल्य त्यांनी सोडलं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी चर्चचे बंद पंखे चालू केले, शाळेच्या घंटेची वायर बदलली, शेजारच्या म्हाताऱ्या बहिणींच्या घरातला मीटरचा खोका दुरुस्त केला. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कमरेला टेस्टर. दोन महिन्यांत त्यांचं वायरमन फादर असं बारसं झालं आणि त्यांना ते आवडलंही.

मात्र त्यांना वस्त्रं आवडत नसत. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी घालावी लागत तेवढी ते घालत, तीही घाईघाईने, पावसात रेनकोट चढवावा तशी. चर्चची देखरेख करणाऱ्या काकू कपडे इस्त्री करून ठेवत, त्यांना हे फार लागे. एकदा त्यांनी विचारलंच. तेव्हा फादरनी सांगितलं, की त्यांचे वडील हमाल होते, पाठ मोडून दोन वर्षं अंथरुणावर होते. त्यांच्या गावचे तेव्हाचे धर्मगुरू रविवारी सोन्याच्या जरीचं वस्त्र घालून वेदीवर उभे राहत, पण या हमालाच्या गल्लीत कधी आले नाहीत. लहानपणी ते वस्त्र त्यांना भिंतीसारखं वाटे. मला माझ्या आणि लोकांच्या मध्ये भिंत नकोय, ते म्हणाले. काकू पुन्हा इस्त्रीकडे वळल्या.

चष्म्याची डबी फादरना आपल्या चष्म्यासाठी हवी होती. मला त्यांनी टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं. त्यात फ्यूजची तार होती, जुने होल्डर होते, काळी चिकटपट्टी, खिळे आणि एक भलामोठा नट होता. खणात दमट हवा होती. नट माझ्या पांढऱ्या बाजूवर बसला आणि हळूहळू गंजला. मी तिथे पावणेदोन वर्षं होतो. राग मला तेव्हाही आला नाही, पण वाईट वाटलं. खण उघडला की वाटायचं, आता माझी पाळी. हात यायचा आणि फ्यूजची तार घेऊन जायचा.

आता मी तुम्हाला बेकरीवाल्याची गोष्ट सांगतो. यातलं जे मी ऐकलं आणि सांगू शकत नाही, ते सांगणार नाही. जे त्याने स्वतः चारचौघांत सांगितलं, तेवढंच सांगतो.

बेकरीवाला वायरमन फादरचा जिवलग मित्र झाला होता. त्याच्या पीठ मळायच्या मशीनची मोटर फादरनी दुरुस्त केली, तिथून त्यांची मैत्री जमली. दुपारची भट्टी निघाली की मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांमध्ये दोघं बुद्धिबळ खेळत. बेकरीवाला पोट सांभाळत खेळे आणि हरला की पटावरच्या हवेला दोष देई. पण अलीकडे तो खेळता खेळता थांबायचा. फादर, एक विचारू का, म्हणायचा. फादर हो म्हणायचे. मग तो प्यादं पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, काही नाही, तुमचा उंट सांभाळा. असं महिनाभर चाललं. तो वाळला. पावात दोनदा मीठ घालायला विसरला, आणि लोकांनी त्याबद्दल बरंच ऐकवलं.

शेवटी एका दुपारी त्याने पट बाजूला सारला.

“तुमच्याकडे तो गळ्यात घालायचा पट्टा आहे ना?” तो म्हणाला. “तो घेऊन या.”

“काय सांगायचंय ते सांग ना. पट्ट्याने काय फरक पडतो? मी तोच माणूस आहे.”

“तेच तर,” बेकरीवाला म्हणाला. “मला तो माणूस नकोय. तुम्ही उद्या इथेच बसणार, माझ्या हातचा पाव खाणार. मी मित्राला हे सांगू शकत नाही. मला फादरना सांगायचंय.”

फादर खुर्चीवरून उठले. मग घरी आले. त्यांनी खालचा खण उघडला, फ्यूजची तार बाजूला केली आणि मला बाहेर काढलं. गंजाचा डाग पाहून ते ओशाळले. त्यांनी बोटाने तो पुसून पाहिला, पण तो गेला नाही. तसंच मला खिशात टाकून ते निघाले.

पोत्यांच्या खोलीत त्यांनी जांभळी बाजू वर करून मला गळ्यात घातलं. घालताना त्यांची मान खाली गेली आणि क्रूस ओठांसमोर आला. क्षणभर थांबून त्यांनी त्याचं चुंबन घेतलं. मग त्यांनी आपली खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले, म्हणजे बेकरीवाल्याला त्यांचा चेहरा दिसू नये. बेकरीवाला बोलला. मी ऐकलं. मित्रांनो, ते तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी फादर नेहमीप्रमाणे बुद्धिबळाला गेले. त्यांना जावंच लागलं. एखाद्याने आपलं मन आपल्यापाशी रिकामं केलं आणि आपण त्याच्या घरी जाणं टाळलं, तर ते मन चव्हाट्यावर मांडल्यासारखंच होतं. ते आदल्या दिवशीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. बेकरीवाल्याने सलग तीन डाव हरून दाखवले.

पण त्या दिवसापासून मी खणात गेलो नाही. फादर मला शर्टाच्या खिशात ठेवू लागले, आणि त्यांचं मन थाऱ्यावर नाही हे मला कपड्याला कपडा लागून कळत होतं. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला एक माणूस होता. फादर आजाऱ्यांना भेटायला गेले की तो त्यांना चहा द्यायचा. त्याची दहा वर्षांची मुलगी शाळेतून थेट तिथेच यायची. तिला सगळे प्रश्नावली म्हणत, कारण ती श्वास घेण्यापुरतीच थांबे. त्या आठवड्यात तिने फादरना सतरा प्रश्न विचारले असतील. अठरावा तिच्या बापाने विचारला, “फादर, तुम्ही हल्ली माझ्याकडे बघत का नाही?” फादर चहात बघत म्हणाले की, झोप कमी झाली आहे. ते खरंही होतं.

आठव्या दिवशी ते बसने सायकलवाल्या फादरकडे गेले. म्हातारे फादर अंगणात खुर्चीवर बसून मटार सोलत होते. थरथरत्या हातातून निम्मे दाणे जमिनीवर पडत, आणि एक कोंबडी त्यांची वाटच बघत असे. नवे फादर शेजारी बसून मटार सोलायला लागले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगता येण्यासारखं नव्हतंच, कारण पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. पण खिशातून मी डोकावत होतो, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना मी दिसलो.

“जड झालाय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग बरोबर घातलायस.”

बराच वेळ मटारच सोलले गेले. मग नव्या फादरनी आपल्या वडिलांची आणि जरीच्या वस्त्राची गोष्ट त्यांना सांगितली. म्हाताऱ्या फादरनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “तुमच्या गल्लीत आला नाही तो माणूस,” ते म्हणाले. “वस्त्राला पाय कुठे असतात? पाय आपले. तू त्या माणसाचा राग बिचाऱ्या कापडावर काढलास.” आणि कोंबडीकडे एक दाणा टाकून म्हणाले, “तुझा राग खोटा नाही हं. असली फादर मंडळी मीही पाहिली आहेत. म्हणून तर तुझे पाय हवे आहेत.”

नव्या फादरनी मला खिशातून काढलं आणि म्हणाले, माझं पापनिवेदन ऐकाल का. म्हाताऱ्यांचे हात इतके थरथरत होते की मला गळ्यात घालणं त्यांना जमेना. तेव्हा नव्या फादरनीच मला त्यांच्या गळ्यात घातलं आणि टोकं सारखी केली. पुढचं मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की परत येताना बसमध्ये फादरना गाढ झोप लागली आणि ते एक थांबा पुढे गेले.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी बेकरीसमोर नेहमीसारखी रांग होती. फादर रांगेत होते, मी खिशात होतो. त्यांच्या पुढे शेजारचा छापखानेवाला होता. सगळ्यांत पुढे एक आजी होत्या. फळीच्या आत बेकरीवाला उभा होता, आणि त्याच्या शेजारी, जिथे गिऱ्हाइकाने जायचं नसतं तिथे, दवाखान्यात भांडी घासणारा तो माणूस आणि प्रश्नावली. लोक कुजबुजायला लागले. कारण तो माणूस तीन वर्षांपूर्वी याच बेकरीत भट्टीवाला होता, आणि त्याच्याच निष्काळजीपणाने बेकरीला आग लागली असं सारं गाव मानत होतं. आगीत बेकरीचं छप्पर गेलं होतं आणि शेजारचा छापखाना निम्मा जळाला होता. त्यानंतर त्या माणसाला कोणी भट्टीवर उभं केलं नाही. शाळेत त्याच्या मुलीला आगलाव्याची पोर म्हणत.

बेकरीवाल्याने डोक्यावरची पांढरी टोपी काढून हातात घेतली. मग तो बोलला. बोलताना तो सारखा टोपीची कड चाचपत होता.

त्याने सांगितलं, की आगीच्या आठवडाभर आधी भट्टीवाला त्याच्याकडे आला होता. धुराड्यात काजळी साचली आहे, एक दिवस भट्टी बंद ठेवून साफ करू, असं म्हणाला होता. पण तेव्हा मोठं काम हाती होतं. बेकरीवाल्याने त्याला नको म्हटलं. शनिवारी मी स्वतः साफ करीन, असं सांगितलं आणि केलं नाही. आगीनंतर चौकशीला माणसं आली, त्यांनी धुराडं साफ करायचं काम कोणाचं असतं असं विचारलं. तो म्हणाला, भट्टीवाल्याचं.

“हे खोटं नव्हतं,” तो म्हणाला. “नेहमी तोच साफ करायचा. मी फक्त पुढचं बोललो नाही. तीन वर्षं बोललो नाही. चूक माझी होती. याची नव्हती.”

खिशात मला फादरचं काळीज धाडधाड ऐकू येत होतं. छापखानेवाल्याने हातातली पिशवी घडी केली, काखेत मारली आणि पाव न घेता निघून गेला. बेकरीवाला त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

मग प्रश्नावलीने विचारलं, “इतके दिवस का नाही सांगितलं?”

“भीती वाटत होती.”

“आता नाही वाटत?”

“आताही वाटते,” बेकरीवाला म्हणाला.

तिने जरा विचार केला. तिला ते उत्तर पटलं असावं, कारण तिने पुढचा प्रश्न विचारला नाही. असं पहिल्यांदाच घडत होतं. तिचा बाप मात्र हुंदका आवरायला पाठ फिरवून भट्टीकडे बघत उभा राहिला.

सगळ्यांत पुढच्या आजींनी पिशवी पुढे केली. मग म्हणाल्या, “झालं असेल तर चार पाव दे बाबा. दूध गॅसवर ठेवून आलेय.” आणि रांग हसली. हसता हसता एक जण आत गेला आणि त्याने भट्टीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग दुसरा गेला. शेवटी आजींना पाव भट्टीवाल्यानेच दिले.

भट्टीवाल्याने नंतर फादरना सांगितलं, की आदल्या संध्याकाळी बेकरीवाला त्याच्या घरी आला होता. सगळं ऐकून भट्टीवाल्याने एवढंच म्हटलं होतं, की माझं नाव जिथे गेलं तिथेच मला परत हवं, आणि माझी मुलगी तिथे हवी. फादर नुसतं हं म्हणाले. त्या दिवशी त्यांनी भट्टीवाल्याच्या डोळ्यांत बघून चहा प्यायला, दोन कप.

भट्टीवाला लगेच काही बेकरीत परतला नाही. त्याला दोन महिने लागले. परतला तोही एका अटीवर, की दर शनिवारी धुराडं मालकाने स्वतः साफ करायचं. तेव्हापासून शनिवारी दुपारी गल्लीतली मुलं बेकरीसमोर जमतात. आत गोरागोमटा गेलेला बेकरीवाला बाहेर येतो तेव्हा त्याचे फक्त दात दिसतात. छापखानेवाला अजून त्याच्याशी बोलत नाही. समोरून जाताना मान वळवतो. पण परवा त्याने मान वळवायला जरा उशीर केला, असं बेकरीवाला बुद्धिबळ खेळताना मोठ्या आशेने सांगत होता.

वायरमन फादर अजूनही बाह्या दुमडतात. कमरेचा टेस्टर गेलेला नाही. पण मिस्साच्या आधी ते आता वस्त्रांच्या खोलीत दहा मिनिटं लवकर येतात आणि एकेक वस्त्र सावकाश घालतात. काकूंनी माझा डाग लिंबू आणि मीठ लावून उन्हात धरला. तो फिका झाला, पूर्ण गेला नाही. आता माझ्यासाठी त्यांनी फ्लॅनेलची एक पिशवी शिवली आहे.

गेल्या रविवारी फादरनी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना सगळी वस्त्रं दाखवली. पांढरा पायघोळ झगा म्हणजे बाप्तिस्म्याचा स्वच्छपणा. कमरेची दोरी म्हणजे कामाला कंबर कसणं. सगळ्यांवरून घालायचं ते मोठं वस्त्र म्हणजे माया, कारण ती बाकी सगळ्याला पोटात घेते. मग त्यांनी मला बाहेर काढलं आणि एकेका मुलाच्या गळ्यात घातलं. एक म्हणाला गुदगुल्या होतात. एक म्हणाली किती हलका आहे. फादर नुसते हसले.

प्रश्नावली शेवटच्या बाकावर होती. तिने हात वर केला. “हा घातला की तुम्ही आमच्यापेक्षा मोठे होता का?”

“नाही,” फादर म्हणाले. “हा घातला की मी बाजूला होतो. म्हणजे तुला ज्याच्याशी बोलायचंय, त्याच्यापर्यंत तुझा आवाज नीट जावा.”

“आणि काढला की?”

“काढला की मी पुन्हा मी. पंखा बिघडला तर सांग.”

मित्रांनो, आता माझं फार मागणं नाही. तुम्ही रस्त्यात नर्सचा पांढरा गणवेश बघता, बसचालकाचा खाकी शर्ट बघता, कुठे एखाद्या फादरचा झगा बघता. त्या कपड्यांना हसू नका आणि त्यांना घाबरूही नका. ते आतल्या माणसाची शान वाढवायला शिवलेले नसतात. अडचणीतल्या माणसाला दुरून कळावं, की मदत कुणाकडे मागायची, म्हणून ते असतात. उद्या तुमच्याही अंगावर असं एखादं वस्त्र चढेल. तेव्हा ते जपा. खिळ्यांच्या खणात टाकू नका, आणि काचेच्या कपाटातही कोंडू नका. थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, रोज वापरा. आणि माझ्यासारखा एखादा गळपट्टा तुमच्या वाट्याला आलाच, तर त्याला घालायची एकच रीत आहे. आधी मान खाली करावी लागते. ताठ मानेने मी कुणाच्याच गळ्यात येत नाही.